चुनखडीत सोनं येतं कुठून? चमकत्या दगडावर पैसे घालण्याआधी हे वाचा

विहीर खोदताना पिवळा चमकणारा दगड निघाला की गावात चर्चा सुरू होते. ‘खाली सोनं आहे’ म्हणून तपासणीच्या नावाखाली पैसे मागणारेही भेटतात. त्यामुळे सोनं दगडात साठतं कसं, हे समजून घेतलेलं बरं.

सोनं सापडण्याचा एक प्रकार चुनखडीशी जोडलेला आहे. जमिनीखाली खोलवर तप्त शिलारस चुनखडीत घुसतो आणि तिथेच हळूहळू थिजतो. थिजताना त्यातून अतिशय गरम, खारट पाणी सुटतं. त्यात गंधक, लोखंड, तांबं आणि किंचित सोनं विरघळलेलं असतं. हे पाणी भेगांतून चुनखडीत शिरलं की दगडाचं रूपच बदलतं, गार्नेटसारखी नवी खनिजं तयार होतात. अशा दगडाला ‘स्कार्न’ म्हणतात.

पुढे पाणी निवतं. चुनखडी त्याची आम्लता मारते. मग धातू विरघळवून ठेवण्याची पाण्याची ताकद संपते आणि तांबं, सोनं भेगांत साचतं. गुऱ्हाळात रसात चुन्याची निवळी टाकली की आंबटपणा कमी होऊन मळी वेगळी होते, साधारण तसंच.

इंडोनेशियातल्या पापुआचं एर्ट्सबर्ग हे याचं ठळक उदाहरण. डच भूवैज्ञानिक जाँ जाक दोझी यांना 1936 साली उंच डोंगरात हा धातूचा काळा सुळका दिसला. तो सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी असाच घडला होता. तिथेही एक टन दगडात सोनं एक ग्रॅमपेक्षा कमीच होतं. खाण चालली ती मुख्यतः तांब्यावर.

मग आपला काळा पाषाणही शिलारसाचाच, त्यात सोनं का नाही? कारण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तो लाव्हा जमिनीवर पसरून थिजला. खोलवर चुनखडीत अडकून धातूचं पाणी सोडत बसला नाही. चंद्रपूर, यवतमाळकडे चुनखडी भरपूर आहे, पण नुसत्या चुनखडीनं सोनं होत नाही.

दगड सापडलाच तर हातोडीनं ठोकून बघा. सोनं चपटं होतं. गंधक-लोखंडाचं ‘पायराइट’ फुटून त्याचा काळपट भुगा होतो. तरी शंका राहिली तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत विचारा. दारात आलेल्या माणसाच्या हातावर मात्र आगाऊ पैसे ठेवू नका.