जपानच्या शेतावर कामाला जाण्यापूर्वी

शेतीचे शिक्षण घेण्यासाठी परदेशी जाणे विदर्भाला नवीन नाही. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे १९०६ च्या सुमारास जपानमार्गे अमेरिकेत गेले, कृषिशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोतील चापिंगो येथील कृषी शाळेत प्राध्यापक झाले. त्यांचे निधन १९६७ साली नागपुरातच झाले. आता जपानच्या खेड्यांत शेतीकामासाठी भारतातून तरुण जाऊ लागले आहेत. कृषी पदविका किंवा बारावी झालेली आपली मुलेही याबाबत चौकशी करतात. मात्र पुष्कळ घरी फक्त पगाराचा आकडा ऐकून निर्णय घेतला जातो. तेथील काम, राहणी व खर्च यांची माहिती नंतर होते. म्हणून ही माहिती अगोदरच दिली आहे.

जपानला माणसे का हवीत?

जपानमध्ये मुख्यतः शेतीवर काम करणाऱ्यांची संख्या २००० साली सुमारे २४ लाख होती. २०२० च्या कृषिगणनेत ती १३ लाख ६३ हजारांवर आली व त्यांचे सरासरी वय ६७.८ वर्षे आढळले. मुले शहरात गेली, म्हातारी माणसे शेतावर उरली. यंत्रे भरपूर असली तरी भाजीची कापणी, फळांची तोडणी, प्रतवारी व गोठ्यातील कामे यांना हात लागतातच.

जाण्याचे मार्ग

पहिला मार्ग तांत्रिक प्रशिक्षणार्थी म्हणून जाण्याचा. जपानने ही योजना १९९३ मध्ये सुरू केली व भारताशी त्याबाबतचा करार ऑक्टोबर २०१७ मध्ये झाला. यात साधारणतः मालक बदलता येत नाही, ही तिची मोठी उणीव ठरली. म्हणून २०२४ मध्ये जपानने नवा कायदा केला. त्याप्रमाणे एप्रिल २०२७ पासून नवी पद्धत आणण्याचे ठरले असून तीत काही अटींवर मालक बदलण्याची सोय आहे.

दुसरा मार्ग 'विशिष्ट कुशल कामगार' हा असून तो एप्रिल २०१९ पासून आहे. भारताशी करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. यासाठी वय १८ पूर्ण असावे, शेतीकामाची परीक्षा व जपानी भाषेची प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. पहिल्या प्रकारात एकूण ५ वर्षे राहता येते. बायको-मुलांना मात्र सोबत नेता येत नाही. शेतीच्याच क्षेत्रात मालक बदलता येतो.

दिवस कसा जातो?

काम पिकावर व हंगामावर अवलंबून असते. नागानो प्रांतातील कावाकामी हे गाव समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर असून लेट्यूस या पानभाजीसाठी प्रसिद्ध आहे. कापणी उन्हाळ्यात, उजाडण्यापूर्वी, डोक्याला दिवा बांधून करतात, कारण थंड असतानाच कापलेली भाजी टिकते. वाकून गड्डा कापणे, शेतातच पेटीत भरणे आणि पेट्या लहान ट्रकवर चढविणे, असे काम तासन् तास चालते. भाजी लगेच थंड करून बाजारात रवाना होते. हिवाळ्यात तेथे बर्फ पडते व शेत बंद राहते.

एहिमे व वाकायामा या प्रांतांत डोंगरउतारावर संत्र्याच्या बागा आहेत. तेथील 'मिकान' हे बिनबियांचे, सोलण्यास सोपे संत्रे. हंगाम मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे आपल्या आंबिया बहाराच्या तोडणीचाच. तेथे फळ ओढून तोडत नाहीत. कात्रीने एकदा देठासह कापतात व दुसऱ्यांदा देठ फळालगत छाटतात, म्हणजे शेजारच्या फळाला तो टोचत नाही. माल उतारावरून एका रुळावर चालणाऱ्या लहान गाडीने खाली येतो. फळ न कापता प्रकाशकिरणांनी गोडी तपासून प्रतवारी होते. काटोल-वरुडच्या बागाईतदारांनी यातील कात्रीची पद्धत तर कोणी जपानला न जाताही उचलावी.

कामाइतकेच महत्त्व सांगण्या-विचारण्याला आहे. कामाची स्थिती कळविणे, बदल सांगणे व अडल्यास विचारणे, या तिन्ही शब्दांची आद्याक्षरे मिळून तेथे 'होरेन्सो' म्हणतात. जपानीत पालकालाही हाच शब्द आहे. समजले नाही तरी मान डोलावणारा मजूर तेथे मालकाला नको असतो.

राहणी

बहुधा मालकाने दिलेल्या घरात दोघे-चौघे एकत्र राहतात व स्वयंपाक स्वतः करतात. दुकान काही किलोमीटरवर असते व वाहन म्हणजे सायकल. घरात पादत्राणे चालत नाहीत. कचरा प्रकारवार वेगळा करून ठरल्या वारीच बाहेर ठेवावा लागतो. यात चूक झाली तर शेजाऱ्यांची नाराजी ओढवते. शाकाहारी मुलांनी लक्षात ठेवावे, की भाजी किंवा सूप दिसायला साधे असले तरी त्यात बहुधा माशाचा अर्क असतो. वर्गात शिकलेली जपानी आणि गावातील आजोबांची बोली यांत आपल्या पुस्तकी मराठी व वऱ्हाडीइतके अंतर पडते. शेजारी मुळा, कोबी आणून देतात, पण गावात समवयस्क फारसे नसतात. एकटेपणा हा या कामाचा खरा भार आहे.

पैशाचा हिशेब

किमान वेतन प्रांतवार व ताशी ठरते. २०२५ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे ते सर्व प्रांतांत ताशी १,००० येनच्या वर गेले. मात्र कामाचे तास, विश्रांती व सुटी यांबाबतची जपानी कामगार कायद्यातील कलमे शेतीला लागू नाहीत. त्यामुळे या गोष्टी करारात लिहिलेल्या असणे आवश्यक आहे. रात्री १० ते पहाटे ५ या वेळेतील कामास २५ टक्के जादा वेतन शेतीतही द्यावे लागते. पगारातून विमा, निवृत्तिवेतन वर्गणी, कर व घरभाडे कापले जाते. जपान सोडल्यावर निवृत्तिवेतन वर्गणीची ठरावीक रक्कम परत मिळू शकते. त्यासाठी २ वर्षांच्या आत अर्ज करावा.

आता इकडचा हिशेब पाहा. जाण्यासाठी सावकाराकडून शेकडा २ रुपये महिन्याने ३ लाख रुपये घेतले, तर नुसते व्याज महिन्याला ६,००० म्हणजे वर्षाला ७२,००० रुपये होते. शेत गहाण असेल तर मुलगा तेथे आजारी पडला वा छळ झाला, तरी परत येण्यास धजत नाही. सालदारालाही वर्ष संपल्यावर मोकळे होता येते. कर्जात गेलेल्या मुलाला येत नाही.

जाण्यापूर्वी पुढील काळजी घ्यावी

१) एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत असल्याची खात्री करावी. प्रशिक्षणार्थी पाठविणारी संस्था राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाने मान्य केलेली असावी.

२) उत्प्रवास कायदा, १९८३ खालील नियमांप्रमाणे नोंदणीकृत एजंटास ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटीपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

३) पीक, गाव, तास, सुटी, कपाती व घरभाडे लिहिलेला करार समजेल अशा भाषेत वाचल्याशिवाय सही करू नये.

४) भाषेचा अभ्यास परीक्षेपुरता न करता बोलण्याचा सराव करावा.

५) पारपत्र स्वतःजवळच ठेवावे. मालकाने मागितले तरी ते ताब्यात देऊ नये.

६) शेत गहाण टाकून जाऊ नये.

धट्टाकट्टा, शिकण्याची आवड असलेला मुलगा वा मुलगी योग्य मार्गाने गेल्यास चार पैसे आणि मालाची निगा राखण्याची शिस्त, दोन्ही घेऊन येऊ शकेल. ती शिस्त वापरायला घरचे शेत मात्र शिल्लक असले पाहिजे. त्यामुळे घरात बसून आधी हिशेब मांडावा व मगच निर्णय घ्यावा.