बुजरा, तरीही भांडखोर मासा

बंगळूर शहराच्या आग्नेयेस, सर्जापूर गावाकडे जाणाऱ्या सर्जापूर रोडच्या दुतर्फा आता सदनिकांची मोठमोठी संकुले उभी आहेत आणि त्यांतील कित्येक दिवाणखान्यांत रंगीत माशांची काचेची टाकी आढळते. अशा टाकीसाठी पुष्कळदा ऑस्कर नावाचा मासा आणला जातो. दुकानात तो जेमतेम बोटभर लांबीचा असतो. काळसर अंगावरील नारिंगी नक्षी, मोठे डोळे आणि पाहणाऱ्याकडे टक लावण्याची सवय ह्यांमुळे मुलांना तो चटकन आवडतो. घरी आणल्यावर मात्र निराळाच अनुभव येतो. मासा फिल्टरमागे दडून बसतो, त्याचा रंग फिका पडतो, अन्नाला तो तोंड लावीत नाही. कधी कधी तर तळाशी आडवा होऊन मेल्यासारखा पडून राहतो. पुढे पंधरा दिवसांनी त्याच टाकीत दुसरा मासा सोडावा, तर हाच दडून बसणारा प्राणी त्याच्या शेपटीचे लचके तोडून त्यास कोपऱ्यात कोंडतो. ह्याचा बुजरेपणा खरा की भांडखोरपणा खरा, असा प्रश्न मग पडतो.

दोन्ही खरेच होत, आणि दोहोंचे मूळ एकच आहे. ऑस्कर हा सिक्लिड ह्या मत्स्यकुलातील असून त्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीचे खोरे होय. सिक्लिड कुलाच्या सतराशेहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी वर्णिल्या आहेत. त्यांपैकी बहुतेक आफ्रिकेत व अमेरिका खंडात राहतात. परंतु भारतासही हे कुल परके नाही. कोकणच्या व गोव्याच्या खाड्यांत सापडणारा आणि खवय्यांच्या ताटात मानाने येणारा कालुंदर हा सिक्लिडच आहे. ब्लोख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १७९० साली त्याचे वर्णन केले. त्याचा एक लहान, पिवळसर भाऊबंद दक्षिण भारतात व श्रीलंकेत आढळतो, आणि तिसरी भारतीय जात कर्नाटकातील नेत्रावती नदीच्या खोऱ्यात राहते.

ह्या कुलातील मासे आपल्या पिलांची फार काळजी घेतात. बहुतेक मासे अंडी पाण्यात सोडून निघून जातात. कालुंदराचे जोडपे मात्र पाण्यातील दगडास किंवा लाकडास अंडी चिकटवते, कल्ल्यांजवळच्या परांनी त्यांवर ताजे पाणी खेळते ठेवते आणि पिले बाहेर पडल्यावरही त्यांची राखण करते. पिवळ्या जातीत तर पिले आईबापांच्या अंगावरील चिकट स्राव टिपून खातात. एवढा संसार मांडावयाचा तर जागा हवी, आणि ती राखावयास हवी. म्हणून सिक्लिड मासा पाण्यातील एक तुकडा आपला मानतो. आपल्या हद्दीत तो धीट असतो व परक्यावर धावून जातो. हद्दीबाहेर पडला की तोच मासा भित्रा होतो. नव्या टाकीत टाकलेल्या माशास हद्दच नसते. चारही बाजूंनी उजेड, तळाशी नुसती वाळू आणि काचेपलीकडे हलणारी माणसे! तेथे तो दडतो ह्यात नवल नाही. पुढे एखादा कोपरा त्याने आपला म्हटला की तो राखण्यासाठी त्यास भांडावे लागते, आणि टाकी लहान असेल तर तो कोपरा म्हणजेच सगळी टाकी होते.

माशाची ही अवस्था केवळ स्वभावाची नसून शरीराचीही असते. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात राहणाऱ्या एका लहान सिक्लिडावर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ प्रयोग केले. हद्द मिळालेला नर भडक रंगाचा असतो व त्याच्या डोळ्यावर काळा पट्टा उमटतो. दबून राहणारा नर फिका दिसतो. वरचढ नर काढून घेतला की दबलेला मासा काही मिनिटांतच रंग बदलतो आणि त्यानंतरच्या काही दिवसांत त्याच्या मेंदूतील विशिष्ट पेशीही मोठ्या होतात. ह्याच प्रयोगशाळेने २००७ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. दुसऱ्यांच्या झुंजी नुसत्या पाहून, कोण कोणास भारी आहे ह्याचे अनुमान हे मासे करू शकतात. तेव्हा टाकीच्या कोपऱ्यातून निमूटपणे पाहणाऱ्या माशास मंद म्हणणे न्यायाचे होणार नाही.

कोनराड लोरेन्झ ह्यांनी आक्रमकतेवरील आपल्या १९६३ च्या ग्रंथात सिक्लिड जोडप्यांविषयीचे एक मौजेचे निरीक्षण नोंदविले आहे. दोन जोडप्यांच्या मध्ये काच असली की प्रत्येक नर काचेपलीकडील शेजाऱ्यावर राग काढी व घरात शांतता नांदे. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला की तो आपल्या जोडीदारिणीवरच उलटे. काच पुसण्याची वेळ झाली, हे नराच्या वागण्यावरूनच कळत असे. भांडखोर माशास एकटे ठेवले की तो आपोआप निवळतो, हा समज किती अपुरा आहे हे त्यावरून दिसते.

आता उपायांकडे वळावे. बुजऱ्या माशास लपावयास जागा दिली तर तो कायमचाच लपून राहील, अशी पुष्कळांस भीती वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. पळून जाण्याचे ठिकाण जवळ आहे असे ठाऊक झाले की मासा मोकळ्या पाण्यात येऊ लागतो. ह्याकरिता मातीची कुंडी आडवी ठेवावी, गोल कडांचे मोठे दगड तळाशी पक्के बसवावे व पाण्यात भिजवून जड झालेले लाकूड घालावे. ही मांडणी अशी असावी की टाकीच्या एका टोकाकडून दुसरे टोक सरळ दिसू नये. नजरेची रेघ तुटली की पाठलागही तुटतो. मागील व एका बाजूची काच काळ्या कागदाने झाकावी. पहिले दोन-तीन दिवस टाकीतील दिवा लावू नये व काचेवर टकटक करू नये. खोलीत अंधार आणि टाकीत प्रखर दिवा असला तर आतील काच आरशासारखी होते व मासा स्वतःच्याच प्रतिबिंबावर धावून जातो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा उपाय ऐकावयास विचित्र वाटतो. बुजऱ्या माशाच्या टाकीत निरुपद्रवी व चपळ माशांचा लहानसा थवा सोडावा. पश्चिम घाटातील ओढ्यांत आढळणारा मलबार डॅनिओ ह्या कामास चांगला. असे मासे पृष्ठभागाजवळ निर्धास्त हिंडत असले की खालच्या माशास ती सुरक्षिततेची खूण वाटते. शत्रू जवळ असता तर ते असे हिंडले नसते. अर्थात ऑस्कर लहान आहे तोवरच हे जमते. तोंडात मावेल तो मासा ऑस्कर गिळतोच, आणि त्याचे तोंड भराभर वाढते. दुसरा सिक्लिड आणावयाचा असेल तर आधी सर्व दगड व कुंड्या उचलून नव्याने मांडाव्या. जुनी हद्द मोडली की जुना आणि नवा दोघेही सारखेच पाहुणे ठरतात. पहिला आठवडा मध्ये भोकांचा पडदा ठेवणे अधिक बरे.

तथापि सारा बुजरेपणा मनाचा नसतो. कित्येकदा दोष पाण्याचा असतो. सर्जापूर रोडवर हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. तेथील अनेक संकुलांत कूपनलिकेचे, टँकरचे आणि कावेरीचे पाणी आलटून पालटून येते. २०२४ च्या उन्हाळ्यातील टंचाईत टँकरवर किती अवलंबून राहावे लागले, हे बंगळूरकरांच्या स्मरणात आहे. खोल कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त, साबणाला सहजी फेस न येणारे असते. कावेरीचे पाणी त्या मानाने सौम्य, परंतु क्लोरीन घातलेले असते. ऑस्कर दोन्ही पाण्यांत राहू शकतो. एकातून दुसऱ्यात अचानक गेलेले त्यास सोसत नाही. म्हणून आठवड्यास सुमारे चतुर्थांश पाणीच बदलावे. क्लोरीन काढण्यासाठी दुकानात मिळणारा हायपो योग्य मात्रेत वापरावा.

नव्या टाकीत अमोनियाचेही भय असते. माशाच्या कल्ल्यांतून व सडणाऱ्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये व दुसरे नायट्राइटचे त्या मानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजावर वस्ती करतात आणि ती वस्ती पुरती वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पाणी अल्कधर्मी व उष्ण असेल तितका अमोनिया अधिक विषारी. मासा पृष्ठभागाशी धापा टाकीत असेल किंवा परं मिटून बसला असेल, तर त्याचा स्वभाव शोधण्याआधी पाणी तपासावे. निरोगी टाकीतील जुना स्पंज नव्या फिल्टरात घातल्यास हा काळ पुष्कळ कमी होतो. स्पंज मात्र नळाच्या पाण्यात धुऊ नये, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १५-१६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. ॲमेझॉनच्या माशास २४ ते २७ अंश मानवतात. मुंबईत हीटरवाचून निभावते म्हणून येथेही निभावेल असे समजू नये. गारठलेला मासा सुस्त होतो आणि लोक त्यास लाजाळू म्हणतात.

पहिल्या दिवशी अन्न देऊ नये. नंतर दाणेदार खाद्य, सोललेल्या कोळंबीचा तुकडा किंवा गांडूळ थोडे थोडे द्यावे, आणि न खाल्लेले काढून टाकावे. ठरलेल्या वेळी एकाच माणसाने खाऊ घातले तर मासा काही आठवड्यांत त्या माणसास ओळखून काचेपाशी येतो, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

जागेचा प्रश्न मात्र कोणत्याही युक्तीने टळत नाही. बोटभर ऑस्कर वर्षभरात वीतभर होतो, पुढे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो व दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. एका पूर्ण वाढलेल्या माशास निदान ३०० लिटरची टाकी हवी. इतकी जागा नसलेल्या घरी मग कोणीतरी सुचवितो की ह्यास तळ्यात सोडून द्यावे. सर्जापूर रोडच्या परिसरात कैकोंड्रहळ्ळी, कसवनहळ्ळी, सौळकेरे असे जुने तलाव आहेत, आणि बंगळूरचे तलाव साखळीने बांधलेले असल्यामुळे एक भरला की त्याचे पाणी पुढच्यात उतरते. एका तलावात सोडलेला मासा एकाच तलावात राहत नाही. मोझांबिक तिलापिया हा आफ्रिकेतील सिक्लिड १९५२ साली अन्नासाठी भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात धरून वाढवते. पिलांच्या ह्याच काळजीमुळे तो देशातील असंख्य तलावांत व नद्यांत पसरला आणि कित्येक ठिकाणी स्थानिक माशांच्या जागी जाऊन बसला. टाकीत न मावणारा ऑस्कर दुकानदारास परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या पाळणाऱ्याकडे सोपवावा. विकत घेण्यापूर्वीच दुकानदारास ह्याविषयी विचारून ठेवणे सोयीचे. पुष्कळ दुकानदार धडधाकट मासा परत घेतात.