नागरिकत्वाच्या अर्जाची फी : आधी विचारा, मग भरा



मागच्या वर्षी मी अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज ऑनलाइन केला आणि ७१० डॉलर भरून मोकळा झालो. त्या वेळी मुलाची नोकरी गेली होती. मुलगा, सून, नात आणि आम्ही दोघं, असं पाच माणसांचं घर सुनेच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. त्यामुळे हिचा अर्ज मागे ठेवला. फीमध्ये सवलत असते हे कानावर होतं, पण ती गरिबांसाठी, आपल्यासाठी नाही, अशी माझी समजूत. शिवाय सुनेकडे तिच्या पगाराचे कागद मागायचे कसे, हा संकोच.

पुढे एका गुरुवारी आरतीनंतर प्रसाद घेताना विषय निघाला आणि कळलं की आम्ही अर्ध्या फीला पात्र होतो. भरलेली फी परत मिळत नाही आणि सवलत अर्जासोबतच मागावी लागते. माझे पैसे गेले. यंदा हिचा अर्ज मात्र ३८० डॉलरमध्ये झाला. माझी चूक आपल्यापैकी कोणाची होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

१ एप्रिल २०२४ पासून नागरिकत्वाच्या अर्जाची, म्हणजे एन-४०० ची, फी कागदी अर्जाला ७६० आणि ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर आहे. सवलती दोन आहेत.

पहिली, अर्धी फी. घरातलं वार्षिक उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंत असेल तर ३८० डॉलर. अलास्का आणि हवाई सोडून इतर राज्यांत २०२५ साठी ही मर्यादा दोन माणसांच्या घराला ८४,६००, तर पाच माणसांच्या घराला १,५०,६०० डॉलर होती. म्हणजे चांगली मध्यमवर्गीय घरंही यात बसतात! ही मागणी एन-४०० अर्जातच करायची असते.

दुसरी, पूर्ण फीमाफी. त्यासाठी आय-९१२ हा फॉर्म जोडावा लागतो. मेडिकेड, फूड स्टॅम्प (स्नॅप) किंवा एसएसआय यांपैकी काही मिळत असेल, किंवा घरातलं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपर्यंत असेल (२०२५ मध्ये दोघांसाठी ३१,७२५ डॉलर), किंवा नोकरी जाणं, दवाखान्याचं मोठं बिल अशी खरी आर्थिक अडचण असेल, तर ती मागता येते. ग्रीन कार्डाच्या नूतनीकरणालाही (आय-९०) फीमाफी मागता येते. अर्धी फी मात्र तिथे नाही.

आपल्या ज्येष्ठांचा घोटाळा होतो तो इथे. मेडिकेअर म्हणजे मेडिकेड नव्हे, आणि सोशल सिक्युरिटीचं पेन्शन म्हणजे एसएसआय नव्हे. मेडिकेअरचं कार्ड दाखवून फीमाफी होत नाही. तसंच, ‘माझं स्वतःचं उत्पन्न शून्य’ एवढं लिहून भागत नाही. मुलाच्या घरी त्याच्या आधारानं राहत असाल तर त्याचं उत्पन्नही धरलं जातं. म्हणून टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-२ आणि अलीकडच्या पगारपावत्या घरच्यांकडून आधीच घ्या. मी संकोच केला, त्याची किंमत मोजली.

आणखी एक. भारतात नोटरी म्हणजे वकील, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. इथला नोटरी फक्त सही-शिक्का करतो, तो कायद्याचा सल्ला देऊ शकत नाही. फॉर्म सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. सल्ला हवाच असेल तर वकिलाकडे किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या प्रतिनिधीकडे जावं.

सवलत मागणं म्हणजे हात पसरणं नव्हे. ती कायद्यानं दिलेली सोय आहे. रकमा बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

सवलतीत न बसणारी, पण फी एकदम भरणं जड जाणारी घरंही आपल्यात आहेत. त्यांनी ट्रस्टच्या साहाय्य निधीसाठी कार्यालयात विचारावं. नाव कुठेही जाहीर होत नाही. ज्यांना देणं शक्य आहे, त्यांनी या निधीला यथाशक्ती हातभार लावावा, ही नम्र विनंती. रविवारच्या आरतीनंतर मी कार्यालयाजवळच असतो. कागद घेऊन या, बसून पाहू.