झिजलेल्या कोपऱ्यांचे मोल

अमेरिकी बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचे १९८६ सालचे एक छापील कार्ड २०२१ मध्ये लिलावात ७ लाख ३८ हजार डॉलरला गेले. कोपरे शाबूत, कुठे ओरखडा नाही, म्हणून दहापैकी दहा गुण! बँकेत आम्ही मळकी नोट पूर्ण किमतीला बदलून देत असू. या बाजारात मात्र मळले की मोल घसरते. नव्वदच्या दशकात नांदेड-लातूरच्या गल्ल्यांत पोरे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची ट्रम्प कार्डे खेळत, उंची-वजनाचे आकडे पुकारून एकमेकांची पाने जिंकत. तीच पोरे आता चाळिशीत ती कार्डे शोधताहेत. तुमच्या माळ्यावर सापडली, तर लॅमिनेशन करू नका; संग्राहकाला ते चालत नाही. कोपरे झिजले असतील, तर भावही येणार नाही. मग ती मुलालाच दाखवा. कोणते पान कोणाकडून जिंकले, हे त्याला अजून आठवत असेल.