ब्रश सिल्व्हरटिपचा, पाणी बोअरचं

फोमचा डबा सोडून ब्रश आणि साबणाकडे वळलेली तरुण मंडळी पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात आता बरीच भेटतात. कारण सरळ आहे. कारखान्यात घट्ट बसणारा मास्क वापरायचा तर दाढीचे खुंट चालत नाहीत, म्हणून रोज दाढी करावी लागते. रोज दाढी केली की मानेवर पुरळ उठतं. मग कुणीतरी सांगतं, बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश घे, तोही सिल्व्हरटिप दर्जाचा, फरक बघ. काही हजार रुपये मोजून ब्रश घरी येतो. पहिल्या आठवड्यातच तक्रार सुरू होते की फेस येतो, पण टिकत नाही. गालावर लावेपर्यंत पातळ होतो आणि दुसरा हात फिरवायच्या आत सुकतो. या तक्रारीमागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज : महाग ब्रश घेतला की फेस आपोआप दाट येतो.

फेस होतो तो साबण, पाणी आणि हवेचा. ब्रश या तिघांना एकत्र आणतो, इतकंच त्याचं काम. आपल्या भागात गाडी अडते ती पाण्यापाशी.

दाढीचा साबण म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लाचे पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलं की ते या साबणाला पकडतात आणि त्याचा न विरघळणारा, चिकट पांढरा साका करतात. बेसिनच्या कडेला साचतो तोच हा थर. पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम साबण खाऊन तृप्त होईपर्यंत फेस उभा राहत नाही. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हटलं होतं. घरात आपण म्हणतो, पाणी जड आहे.

आता आपली टाकी बघा. पवना धरणाचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललं जातं आणि निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध होतं. हे सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं साठवलेलं पाणी, त्यामुळे बोअरच्या मानाने हलकं. पण नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं. वाकड, पुनावळे, मोशी, चऱ्होलीच्या अनेक सोसायट्यांत पालिकेचं, टँकरचं आणि बोअरचं पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत पडतं. चाकणच्या आसपास भाड्याच्या खोल्यांमध्ये तर कित्येकदा निव्वळ बोअरच असते. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या भेगांतून झिरपताना हे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं सोबत घेऊन येतं. त्यामुळे एकाच घरात सोमवारी फेस छान येतो आणि बुधवारी येत नाही. माणूस मात्र ब्रशला दोष देत राहतो.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, एकूण कठीणपणाची, म्हणजेच जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम सांगतं. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे पाणी पिण्याच्या मानकात बसतं आणि तरीही फेस मारतं. या दोन गोष्टींत विसंगती नाही.

तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पाण्याची रिकामी बाटली घ्या, नळाच्या पाण्याने तिसरा हिस्सा भरा. अंघोळीच्या साध्या साबणाचे चार-पाच बारीक तुकडे टाका. बॉडीवॉश किंवा डिटर्जंट नको, ते जड पाण्यातही फेसतं. बूच लावून जोरात हलवा आणि बाटली उजेडात धरा. वर फेसाचा जाड थर उभा राहिला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसलं तर पाणी हलकं. वर नुसते चार बुडबुडे आणि खाली दुधट गढूळ पाण्यात पांढरे कण तरंगताना दिसले तर पाणी जड. शेजारी दुसऱ्या बाटलीत आरओचं पाणी घेऊन तेच करा. फरक डोळ्यांनी पटतो.

उपाय स्वस्त आहे. फेस करायला वाटीभर पाणी पुरतं, ते आरओचं घ्या आणि कोमट करा. आरओ नसेल तर आदल्या रात्री पाणी उकळून ठेवा आणि सकाळी वरचं निवळ तेवढं घ्या. उकळल्यावर बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा पांढऱ्या थराच्या रूपात तळाशी बसतो. बाकीचा जडपणा उकळून जात नाही, पण आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेटचा वाटा मोठा असल्याने फरक पडतो. गीझरवर मात्र भिस्त ठेवू नका, त्यात पाणी उकळत नाही.

गैरसमज : सिल्व्हरटिप हा ठरलेला, प्रमाणित दर्जा आहे.

प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप ही उतरंड उत्पादकांनी आपापली ठरवलेली आहे. दोन कंपन्यांचे सिल्व्हरटिप एकमेकांशी जुळतीलच असं नाही. खऱ्या सिल्व्हरटिपचा केस बुडाशी फिका, मध्ये गडद पट्टा आणि टोकाला पुन्हा पांढरा असतो. हे टोक कापलेलं नसतं, ते निसर्गतः निमुळतं होत जातं आणि म्हणून गालाला मऊ लागतं. स्वस्तात विकल्या जाणाऱ्या काही ब्रशांची टोकं रसायनाने पांढरी केलेली असतात. ब्रश उजेडात धरून पट्टा आणि पांढरा भाग यांची सीमा बघा. नैसर्गिक केसांत ती सीमा थोडी मागेपुढे, विरघळत गेलेली दिसते. गालावर ब्रश हलकेच दाबल्यावर टोचत असेल तर डब्यावर काहीही छापलेलं असो, तो तुमच्या कामाचा नाही.

गैरसमज : पाणी जितकं कढत आणि ब्रश जितका ओला, तितका फेस चांगला.

कढत पाण्याने केस ठिसूळ होतात आणि बुडाशी केस धरून ठेवणारा डिंकही सैल पडू शकतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं ब्रश ठेवा. तोवर चेहराही ओला राहू द्या, कारण भिजलेला केस कापायला ब्लेडला बराच कमी जोर लागतो. ब्रश बाहेर काढून हलकेच पिळा. निथळणाऱ्या ब्रशने साबण नुसता वाहून जातो. साबणाच्या वडीवर अर्धा मिनिट गोल फिरवा, टोकांवर घट्ट पेस्ट दिसेपर्यंत. मग बोटाने थेंब-थेंब पाणी घालत वाटीत किंवा गालावरच घुसळा. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं, साबण वाढवा. फेस सुकून चिकटायला लागला तर अजून दोन थेंब. श्रीखंडासारखा तुकतुकीत, ब्रश उचलल्यावर टोक धरणारा फेस झाला की थांबा.

नव्या ब्रशला थोडा वास येतो, पहिले काही दिवस दोन-चार केस गळतात, फेसही लवकर बसतो. सौम्य शाम्पूने एकदा-दोनदा धुतलं की बहुतेक तक्रारी मिटतात. वापरून झाल्यावर पाणी झटका आणि उघड्यावर वाळू द्या. आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ओला ब्रश डबीत बंद केला तर बुरशी धरते.

गैरसमज : बॅजरचे केस लोकरीसारखे कातरून काढतात.

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो ऐकून लोक निर्धास्त होतात. हे केस मारलेल्या प्राण्याच्या कातडीवरून येतात. बाजारातला बहुतेक माल चीनमधून येतो. ब्रिटनमध्ये बॅजरला १९९२ च्या स्वतंत्र कायद्याने संरक्षण आहे, पण तिथल्या नावाजलेल्या ब्रशांतही केस बाहेरून आणलेले असतात. २०१८ मध्ये चीनमधल्या बॅजर फार्मची चित्रफीत समोर आल्यावर जगातल्या अनेक कंपन्यांनी हे केस वापरणं थांबवलं. आपल्याकडे ज्याला चांदी अस्वल म्हणतात त्या रॅटलचा, म्हणजे हनी बॅजरचा, या व्यापाराशी संबंध नाही. तो वेगळा प्राणी आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे.

ब्रशासाठी प्राणी मारणं आपल्यालाही नवं नाही. चित्रकलेच्या ब्रशांसाठी मुंगसांची कत्तल होते. २०१९ मध्ये 'ऑपरेशन क्लीन आर्ट' या मोहिमेत महाराष्ट्रासह काही राज्यांत मुंगसाच्या केसांचे ब्रश करणाऱ्या-विकणाऱ्यांवर छापे पडले होते.

प्राण्याचे केस नको असतील तर सिंथेटिक ब्रश आहेच. सिंथेटिक म्हणजे टोचणारं नायलॉन, हे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी खरं होतं. आताचे तंतू टोकाला निमुळते, मऊ आणि पाणी सोडायला चपळ असतात. भिजवत ठेवावे लागत नाहीत, साबण कमी खातात, लवकर वाळतात. पहाटे बस गाठणाऱ्याला हाच ब्रश जास्त सोयीचा, आणि माझी निवडही हीच आहे. तरीही सिल्व्हरटिपच घ्यायचा असेल तर विक्रेत्याला आधी विचारा, केस कुठून आले आणि कसे मिळवले. उत्तर मिळालं नाही, तर तो ब्रश घेऊ नका.