धूळ तोलणारी संस्था

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके काळ्या पाषाणावर वसले आहेत. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी याच पाषाणात कोरली गेली. आज त्याच जातीचा दगड सुरुंगाने फुटतो, पोकलेन तो उचलतं, खडी क्रशर भरडतो आणि डंपर रस्त्यांवर, पुलांवर, घरांच्या स्लॅबवर नेऊन ओततात. नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून क्रश सँडला मागणी आली. क्रश सँड म्हणजे तोच दगड आणखी बारीक दळायचा. दळण जितकं बारीक, तितकी धूळ जास्त.

ही धूळ दोन ठिकाणी बसते. शेजारच्या द्राक्षबागेच्या पानांवर बसलेली सगळ्यांना दिसते, तिच्यावरून ग्रामसभेत भांडणं होतात, अर्ज जातात. क्रशरच्या हॉपरपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसात बसलेली मात्र कुणालाच दिसत नाही. तिचा त्रास सुरू व्हायला दहा-वीस वर्षं जातात, आणि तोवर तो माणूस गाव सोडून दुसऱ्याच क्रशरवर गेलेला असतो.

न दिसणारी ही धूळ तोलून दाखवणारी एक संस्था महाराष्ट्रात आहे. नागपूरजवळ वाडीला, अमरावती रस्त्यावर. नाव राष्ट्रीय खनिक आरोग्य संस्था. १९९० साली केंद्रीय खाण मंत्रालयाखाली तिची स्थापना झाली, तीही नागपुरात नव्हे तर कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावी. ती जागा योग्यच होती. सिलिकोसिस म्हणजे सिलिकेच्या धुळीने फुप्फुसात व्रण पडण्याचा आजार. भारतात त्याची पहिली नोंद १९३४ साली कोलारमधूनच झाली. खाली तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या खाणींत गारेचा दगड फोडणारी माणसं धापा टाकत मरत होती. पुढे संस्थेचा कारभार नागपूरला आला. आसपास वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी, मॉइलच्या मँगनीज खाणी आणि आवाज, हादरे, धूळ अशा सगळ्याच त्रासांचा अभ्यास करायला पुरेसं काम. डंपर चालवणाऱ्यांच्या पाठीला बसणारे हादरे इथल्या शास्त्रज्ञांनी सीटवर उपकरण बसवून मोजले. तरी संस्थेचा जीव धुळीच्या मोजमापात आहे, आणि ते कसं चालतं हे जवळून पाहण्यासारखं आहे.

पाळी सुरू होताना कामगाराच्या कमरेला एक लहानसा पंप बांधतात. पंपाची नळी पाठीवरून खांद्यावर येते आणि कॉलरपाशी, नाकापासून वीतभर अंतरावर, सायक्लोन नावाची बोटाएवढी डबी अडकवलेली असते. पंप मिनिटाला सुमारे २.२ लिटर हवा ओढतो. ती हवा डबीत गरगर फिरते, जाड कण तळाशी पडतात आणि फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचू शकतील असे बारीक कण तेवढे वरच्या गोल फिल्टरवर जाऊन बसतात. आठ तासांत एक हजार लिटरच्या थोडी वर, म्हणजे साधारण एक घनमीटर हवा त्यातून जाते. हा फिल्टर आधीच तोलून ठेवलेला असतो. संध्याकाळी तो परत आला की प्रयोगशाळेतल्या ठरावीक दमट हवेत ठेवून पुन्हा तोलायचा. काटा मिलिग्रॅमचा हजारावा हिस्सा दाखवणारा. दोन वजनांतला फरक म्हणजे त्या माणसाच्या नाकापाशी दिवसभर आलेली घातक धूळ.

पण नुसतं वजन पुरत नाही. धुळीत क्वार्ट्झ किती, म्हणजे मोकळी सिलिका किती, हा खरा प्रश्न. त्यासाठी फिल्टरवर अवरक्त किरण टाकतात. क्वार्ट्झ असेल तर आलेखावर ८०० आणि ७८० या आकड्यांजवळ एक जोडशिखर उभं राहतं. ते जितकं उंच, तितकं विष जास्त. १९६१ च्या धातुखाण विनियमांनी घालून दिलेलं गणित साधं आहे. मोकळी सिलिका ५ टक्क्यांहून कमी असेल तर घनमीटरला ३ मिलिग्रॅम धूळ चालते. जास्त असेल तर १५ या आकड्याला सिलिकेच्या टक्केवारीने भागायचं. सिलिका ३० टक्के असेल तर मर्यादा अर्ध्या मिलिग्रॅमवर येते.

इथे आपल्या दगडाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. राजस्थानच्या वालुकाश्मात क्वार्ट्झ भरपूर असतं. मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या पाटीपेन्सिल कारखान्यांत तर सिलिकोसिसने तरुण माणसं नेली. आपला बेसाल्ट त्या मानाने सौम्य, कारण लाव्हापासून बनलेल्या या दगडात मोकळी सिलिका मुळातच थोडी. पण जुन्नरच्या माणसाला हेही ठाऊक असतं की फत्तर फोडताना आतल्या पोकळ्यांतून पांढऱ्या गारा निघतात. त्या गारा म्हणजे बहुतेकदा झिओलाइट, आणि काही ठिकाणी क्वार्ट्झ आणि कॅल्सेडोनी. म्हणून एका खाणीची धूळ दुसरीसारखी नसते, एकाच खाणीतला वरचा थर खालच्यासारखा नसतो. ‘आपल्याकडे काळा दगड आहे, काही होत नाही’ हे म्हणणं मला म्हणूनच मान्य नाही. तोलल्याशिवाय कुणालाच ते म्हणता येणार नाही. शिवाय सिलिका कमी असली तरी धूळ धूळच राहते. तिने दम लागतो, जुनाट खोकला जडतो. रुमाल किंवा पदर तोंडाला बांधून जाड कण अडतात, वायुकोशात जाणारे अडत नाहीत.

मग तोलायचं कुणी? गौण खनिजाचा खाणपट्टा जिल्हाधिकारी देतात, रॉयल्टी महसूल खातं वसूल करतं. क्रशरच्या धुळीकडे प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहतं. त्याचा नियम असा की क्रशरपासून ४० मीटरवर हवेतली धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. चाळणी साफ करणारा, बेल्टखाली सांडलेला कच उपसणारा माणूस ४० मीटरवर नसतो, दोन हातांवर असतो. त्याच्या नाकापाशी किती, हे पाहणं खाण सुरक्षा महासंचालनालयाचं काम. क्रशर खाणीबाहेर असेल तर ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जातं. १९५२ च्या खाण कायद्याने लहान दगडखाणींना बहुतेक तरतुदींतून सूट दिली, पण तिच्या अटी स्पष्ट होत्या: खोली कुठेही ६ मीटरहून जास्त नको, एका दिवशी पन्नासहून जास्त माणसं नकोत आणि स्फोटकं वापरायची नाहीत. तिन्ही एकाच वेळी. काळा फत्तर सुरुंगाशिवाय फुटतो कुठे? म्हणजे पहिला सुरुंग उडाला की ती सूट संपली आणि वैद्यकीय तपासणीसकट सगळा कायदा लागू झाला. ही गोष्ट खाणमालकांइतकीच कामगारांनाही माहीत असायला हवी. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे.

तपासणीतही कौशल्य लागतं. छातीचा एक्स-रे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रमाणित फिल्म शेजारी ठेवून वाचावा लागतो. बारीक ठिपके किती मोठे, कुठल्या भागात हे पाहायचं, आणि ते किती दाट याची तर बारा पायऱ्यांची मोजपट्टी आहे. नागपूरच्या संस्थेने खाणींतल्या डॉक्टरांना हे वाचन शिकवलं, आणि माझ्या मते तिच्या सगळ्या कामात हे सर्वांत टिकाऊ. कारण सिलिकोसिसचे ठिपके फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात आणि क्षयही तिथेच दिसतो. खोकला तोच, वजन घटणं तेच. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी क्षयाची औषधं सुरू होतात, सहा महिने चालतात, माणूस बरा होत नाही. त्यात सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याची शक्यताही जास्त, त्यामुळे गुंता वाढतो. फुप्फुसात तयार झालेला व्रण कुठल्याच औषधाने जात नाही. लवकर ओळखून धुळीपासून बाजूला करणं हाच उपाय.

केंद्रीय मंत्रिमंडळाच्या २०१९ मधल्या निर्णयाने ही संस्था अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. अहमदाबादची ही संस्था १९६६ पासून काम करणारी, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर). खंबातच्या अकीक घासणाऱ्यांसाठी धूळ ओढून घेणारं यंत्र तिने बनवलं, आणि रक्तातलं सीसी-१६ हे प्रथिन मोजून फुप्फुसाची इजा लवकर हेरणारी तपासणीही तिचीच. ही तपासणी तालुक्याच्या दवाखान्यातही करता येण्याजोगी आहे. विलीनीकरणाने डॉक्टरी बळाची जोड मिळाली, हे चांगलंच. पण नागपूरच्या संस्थेचं बरंचसं काम खाण कंपन्यांनी पैसे देऊन मागवलेलं असे, आणि वीस माणसांच्या दगडखाणीचा मालक असं काही मागवत नाही. आता ती सरकारी आरोग्य संशोधनाचा भाग झाली आहे, तर मोजमापाची सुरुवात न मागणाऱ्यांपासून व्हावी. ड्रिलच्या टोकाशी पाणी सोडणं, बेल्ट झाकणं, हॉपरवर फवारा बसवणं यांना फार खर्च येत नाही. पंप आणि फिल्टर घेऊन कुणी आलं की ते कुठे करायचं हे कळतं.

मंचर, नारायणगाव, घोडेगाव, जुन्नरच्या डॉक्टरांना माझी विनंती आहे. खोकला घेऊन आलेल्या प्रत्येकाला ‘काम काय करता, आणि आधी काय करत होता?’ हे विचारा. बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने हा प्रश्न १७०० साली वैद्यांच्या यादीत घातला. उत्तर खाण किंवा क्रशर आलं तर ते केसपेपरवर लिहा. सिलिकोसिसची शंका आली तर विनाविलंब मुख्य निरीक्षकांना लेखी कळवणं हे खाण कायद्याच्या कलम २५ नुसार डॉक्टरचं कर्तव्य होतं, नव्या संहितेतही आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात सिलिकोसिसचं नाव होतं, त्याची जागा घेतलेल्या संहितेतही आहे, आणि कामगाराच्या कुटुंबाला त्याचा आधार मिळायचा तर आधी तुमच्या हातचा तो कागद लागतो.