आधणातली साखर

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागतात न लागतात, तोच वसई पट्ट्यात नाताळच्या करंज्यांची तयारी सुरू होते. सांडोरसारख्या गावात हे दोन्ही सण एकमेकांच्या ओट्यावरच साजरे होतात. शेजारून लाडू-चकल्यांचं ताट येतं आणि महिना-दीड महिन्याने केक, कलकल, दोदोल घेऊन परत जातं, कारण ताट रिकामं परत करायचं नाही ही रीत दोन्ही घरांत सारखीच आहे. नेमक्या याच दिवसांत घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: "सण उरकू देत, मग साखर बंद."

गोडाशी या मातीची ओळख जुनी आहे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. १८८२ सालचं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर वसईच्या बागायतीतल्या ऊस आणि केळीची दखल घेतं. इंग्रजी अमदानीत तर वसईच्या किल्ल्यातच साखरेचा कारखाना काढला गेला होता. ऊस पुढे गेला, केळी राहिली, आणि केळीबरोबर राहिली ती सुकेळी. पिकलेली राजेळी केळी सोलायची, उन्हात मांडायची, संध्याकाळी गोळा करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायची. काही दिवसांत केळं आक्रसतं, तांबूस-तपकिरी होतं, बोटांना चिकटायला लागतं. मग ते केळीच्याच वाळलेल्या पानात गुंडाळलं जातं. यात वरून साखरेचा कणही पडत नाही. पाणी उडून जातं आणि फळातली साखर एकवटते. एवढी मेहनत घेतलेला जिन्नस घरात पुरवून पुरवून खाल्ला जाई, पाहुण्यापुढे एखाद-दुसरा ठेवला जाई. त्या काळात गोडाला आपोआप मर्यादा होती ती अशी.

ती मर्यादा सुटली, कारण साखर स्वस्त आणि मुबलक झाली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५० मध्ये तिथे गाळप सुरू झालं, आणि पुढच्या काही दशकांत महाराष्ट्र देशाच्या साखर उत्पादनात अग्रेसर झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी कमाई होती. पण स्वयंपाकघरात त्याच साखरेचा हिशेब ठेवणं हळूहळू सुटलं.

आजचा हिशेब वसई रोडवरून चर्चगेट लोकल पकडणाऱ्या कुणाच्याही दिवसावरून मांडता येतो. पहाटे घरचा चहा, ऑफिसात दोन, परतल्यावर एक. प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली तर आठ चमचे, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी. ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमवर आली तर आणखी चांगलं. चार कप चहातच ही दुसरी मर्यादा ओलांडली जाते. चहाबरोबरची बिस्किटं, पावाला लावलेला जाम, उन्हाळ्यातलं कोल्ड्रिंक यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे. कोल्ड्रिंकच्या ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्येच सुमारे ३५ ग्रॅम साखर असते.

म्हणून सणाच्या करंजीला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. वर्षातले मोजके दिवस खाल्लेल्या करंजीपेक्षा रोज आधणात पडणारी साखर कितीतरी जास्त भरते. शिवाय आपल्याकडे साखर पातेल्यातच उकळते, त्यामुळे कुणी किती प्यायलं हे घरात कुणालाच कळत नाही. पहिली सुधारणा इथेच करता येते: आधण बिनसाखरेचं ठेवायचं आणि साखर ज्याने त्याने आपल्या कपात घालायची. चमचा हातात आला की तो दोनाचा दीड, दीडाचा एक करता येतो.

हे सगळं निकडीचं का आहे, ते आकडे सांगतात. आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वाधिक प्रमाण आढळलं ते आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. बारीक माणसांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! अंगाने सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांमध्येही मधुमेहाचा धोका का असतो, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं.

गोडाची तलफ आली की माणूस स्वतःला दुबळा ठरवतो. खरं तर तलफेला तिची कारणं असतात. सकाळी नुसत्या चहा-बिस्किटांवर भागवलं की रक्तातली साखर लवकर चढते आणि लवकर उतरते, मग अकरा वाजता पुन्हा काहीतरी गोड हवंसं वाटतं. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं. पहाटेची गाडी गाठणाऱ्यांना हे विशेष लागू आहे. न्याहरीत अंडं, उसळ किंवा मूठभर शेंगदाणे आले आणि रात्रीचा मोबाइल लवकर बाजूला गेला, तर तलफेचा जोर बराच ओसरतो.

जीभही बदलते. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांनी तीन महिने साखर कमी केली. त्यानंतर पूर्वीचंच पुडिंग त्यांना जास्त गोड लागू लागलं. म्हणजे पहिले काही आठवडे निभावले की पुढची वाट सोपी होते. आणि हे आठवडे निभावण्याची सोय आपल्या दोन्ही परंपरांत आहे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासाचा नेम असतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत ख्रिस्ती घरांत प्रायश्चित्तकाळ पाळला जातो. कुणी मांसाहार सोडतं, कुणी दारू, कुणी गोड. नेमाला सुरुवात असते, शेवट असतो आणि घरच्यांची साथ असते; एकट्याने केलेल्या संकल्पाला हे बळ मिळत नाही. चहातली साखर अशा नेमात बसवली, तर नेम सुटेपर्यंत जिभेला कमी गोडाची सवय लागलेली असते.

पळवाटा मात्र ओळखायला हव्यात. गुळात थोडी खनिजं असतात, पण बहुतांश भाग साखरेचाच. मधुमेह्याने साखरेऐवजी मनसोक्त गूळ खाल्ला तर फायदा काहीच नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडीवर विसंबू नका, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला. तो मधुमेह नसलेल्यांसाठी आहे. सुकेळीत फळाचा चोथा टिकून असतो, म्हणून मिठाईपेक्षा ती बरी. तरी मधुमेह्याने अर्धी खाऊन थांबावं, आणि तीही जेवणाच्या हिशेबात धरावी. पाकिटावर 'इन्व्हर्ट सिरप', 'लिक्विड ग्लुकोज' असं दिसलं तर ती साखरच समजावी. मुलांना हे वाचायला शिकवणं शाळांनीही मनावर घेतलंय: सीबीएसईने २०२५ मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोड किंवा जेवण एकदम कमी करू नये. औषधाचा डोस तोच राहिला आणि खाणं घटलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हात थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठावा.